कारणाचा रकाना

आमच्या कॉलेजच्या हजेरीपटावर सगळ्या प्राध्यापकांच्या सहीपुढे एकच वेळ असायची, दहा. कोणी साडेदहाला आलं तरी दहा, आणि कोणी आलंच नाही व दुसऱ्या दिवशी सही केली तरी दहा. फक्त एका नावापुढे दहा वाजून सात, दहा वाजून तीन, एकदा तर अकरा वाजून एकोणचाळीस असं लिहिलेलं असे, आणि त्यापुढे बारीक अक्षरात कारण. 'बस पंक्चर.' 'बस आली, मी पाहिली नाही.' 'झोपलो होतो.' प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्यामुळे बाकीचे सगळे खोटे दिसतात." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सर, ते मी नाई केलं."

मी याच सरांच्या हाताखाली, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. म्हणजे टेबलं पुसायची, तारा जोडायच्या, पोरांनी मोडलेलं सांधायचं, आणि दर शनिवारी सगळ्या बाटल्या भरायच्या. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वयानं मी सरांपेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून ते मला कधी नावानं हाक मारत नसत. "भाऊ" म्हणत, आणि "तुमी" म्हणत. आमच्या वस्तीतल्या माणसाला कॉलेजात "तुमी" म्हणणारे त्या काळात फार नव्हते. मला ते सुरुवातीला थट्टाच वाटायचं. पुढे कळलं की या माणसाला थट्टा करता येते, पण खोटं बोलता येत नाही.

असं मी त्यांच्या तेरवीपर्यंत समजत होतो.

सरांकडे लांब, जाड पुठ्ठ्याच्या वह्या असत. पानावर पाच रकाने आखलेले. तारीख, वेळ, काय, किती, कारण. प्रयोगाचं मोजमाप तर त्यात असेच, पण बाकी सगळंही असे. काचेची नळी फुटली, कारण : माझा कोपर. खोलीचं तापमान अमुक, कारण : खिडकी उघडी राहिली, मीच उघडली. वर्गात आवाज चढला, कारण : उपाशी होतो. शेवटचा रकाना कधी कोरा नसे. कारण कळलं नाही तर 'कळलं नाही' असं लिहीत, आणि महिन्यानं कळलं की मागे जाऊन खोडून नवं लिहीत. मी एकदा विचारलं, "सर, नळी फुटली ते फुटली. कोणाच्या कोपरानं, त्यानं काय फरक पडते?" ते म्हणाले, "भाऊ, कारण नाई लिवलं तं तेच पुन्यांदा फुटते."

'अंदाजे' आणि 'असेल' हे दोन शब्द त्यांच्या प्रयोगशाळेत चालत नसत. पोरगं म्हणालं, "सर, लांबी अंदाजे वीस असेल," की हे त्याला पट्टी देऊन परत पाठवायचे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं उत्तर पुस्तकात आहे तसं ९.८ आलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "एवढं बरोबर? आपल्या लंबकानं? काऊन रे, पुस्तक पाहून लिवलं ना?" आणि एखाद्यानं घाबरत ८.९ दाखवलं की ते त्याला जवळ बसवून घेत, कुठे चुकलं ते शोधून काढायला लावत आणि पूर्ण मार्क देत. बाहेरून येणारे परीक्षक या पद्धतीवर फार नाराज असत. आमचा निकाल जिल्ह्यात कधी वर आला नाही.

बसमधून उतरल्यावर ते कॉलेजला सायकलनं येत, आणि तिच्या कॅरियरवर एक डालगं बांधलेलं असे. डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली, घरोघरी कोंबड्या झाकायला वापरतात ती. तिच्या विणीला सहा कोनांची भोकं असतात आणि प्रत्येक भोकाभोवती लहान त्रिकोण. सर त्यात पुस्तकं, डबा, छत्री असं सगळं ठेवत. पोरं त्यांना मागून 'कोंबडीवाले सर' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांचे वडील केळझरचे. बुरुडाचं काम करत आणि विणलेल्या टोपल्या, सुपं जाम गावाच्या चौकात हायवेला मांडून विकत. सर बी.एस्सी.ला असेपर्यंत सुट्टीत तेही चौकात बसत. ही गोष्ट ते लपवत नसत. उलट दर वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला ते डालगं टेबलावर उपडं घालत आणि म्हणत, "माह्या बापाचा धंदा अन् माहा धंदा एकच हाय. हे पाहा."

त्यातलं मला काय कळलं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एकदा दुपारी त्यांनी मला त्याच डालग्यापुढे बसवलं.

"भाऊ, इथं जिथं कामट्या एकमेकीवरून जातात ना, तिथं तांब्याचा एकेक अणू बसला हाय समजा. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. त्याचा स्वभाव असा का शेजारच्याच्या उलट तोंड करायचं. आता हा त्रिकोण पाहा. एका घरात तीन जावा हायेत. दोघी एकमेकीच्या उलट तोंड करून बसल्या. तिसरीनं कोणाच्या उलट बसावं?"

"तिनं माहेरी जावं," मी म्हटलं.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हेबी एक उत्तर हाय. पण अणूले माहेर नसते ना, भाऊ. त्याले तिथंच राहा लागते."

मग त्यांनी सांगितलं की बाकीचे पदार्थ खूप थंड केले की आतले चुंबक गप होतात, ज्याचं त्याचं तोंड कायमचं ठरून जातं. पण तांबं आणि जस्त मिळून एक हिरवी पूड होते, तांब्याच्या भांड्यावर कळंक चढतो त्या रंगाची. तिच्यात अणू बरोबर या डालग्याच्या विणीत बसलेले असतात. ती कितीही थंड केली तरी आतले चुंबक थिजत नाहीत, सगळे मिळून हलत राहतात, असं म्हणतात.

"म्हणतात म्हंजे?"

"म्हंजे कागदावर म्हणतात. अजून साफ कोणी पाह्यलं नाई." ते डालग्याच्या भोकात बोट घालून बसले होते. "मले एकदा पाहायचं हाय, भाऊ. बस. बाकी काई नाई."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणसाला एकेक छंद असतो. कोणी पत्ते खेळतं, कोणी भजनाला जातं. सरांनी डॉक्टरेट केली नव्हती, बढतीचे अर्ज भरले नव्हते. पगारातून पैसे काढून ते परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स मागवत. केळझरला जाऊन त्यांनी एकदा त्या लेखांतला अणूंच्या जाळीचा नकाशा वडिलांना दाखवला. म्हातारबुवांनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "हे तं मले माहीत होतं. तुले शिकाले एवढे वर्सं काऊन लागले?" ही गोष्ट सर सगळ्यांना सांगत आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसत.

मग दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी त्यांच्या हाती एक पत्र आलं. त्यांच्यासोबत एम.एस्सी.ला असलेले एक गृहस्थ दूरच्या मोठ्या शहरातल्या अणुभट्टीवर शास्त्रज्ञ होते. त्यांना सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणत. सरांनी कित्येक वर्षं त्यांच्यामागे लकडा लावला होता. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं की तू पूड करून आण, मी तुला भट्टीवर दोन दिवस मिळवून देतो.

सर त्या दिवशी हजेरीपटावर सही करायला विसरले. दुसऱ्या दिवशी लिहिलं : 'सही राहिली. कारण : आनंद.'

भट्टीतून न्यूट्रॉन निघतात. ते पुडीवर सोडायचे आणि काय परत येतं ते पाहायचं. सर मला समजावून सांगत, "गप बसलेल्या चुंबकाले ठोसा मारला का त्यातून एक लाट जाते. कागदावर तिची बारीक, साफ रेघ उमटते. पण हे हालणारे असतीन तं ठोसा आत जाऊन फुटते. त्याचे दोन अर्धे होतात अन् दोन दिशेनं भटकत जातात. मंग रेघ नाई उमटत. पसरट डाग उमटते."

"एवढं करून डाग पाहायचा?"

"डागच पाहायचा हाय."

पण त्यात एक अडचण होती. पूड पाण्यात तयार होते आणि पाण्यातला हायड्रोजन तिच्यात राहतो. न्यूट्रॉनला हायड्रोजन दिसला की तो स्वतःच मोठा पसरट डाग पाडतो आणि आपल्याला हवा तो डाग त्यात बुडून जातो. म्हणून पूड साध्या पाण्यात करायची नाही, जड पाण्यात करायची. ते दिसायला पाण्यासारखंच, पण वजनाला साध्या पाण्यापेक्षा दहावा हिस्सा जास्त. बाजारात मिळत नाही. डॉक्टरसाहेबांच्या शब्दावर, सरांच्या सहीनं, चार कागदांवर शिक्के बसून त्याची एक बाटली आमच्या प्रयोगशाळेत आली. सरांनी ती लहान कपाटात ठेवली, कुलूप लावलं, एक किल्ली ऑफिसात जमा केली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

"माह्यापाशी हरवते," ते म्हणाले.

बाटलीच्या काचेवर त्यांनी कागदाची उभी पट्टी चिकटवली. प्रत्येक वेळी पाणी काढलं की उरलेल्या पाण्याच्या उंचीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारायची. आमच्याकडे बाटल्यांना रेघा असतच. बाकीच्या सगळ्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ होती, आणि शनिवारी त्या रेघेपर्यंत भरायच्या हा सरांचाच नियम. पाणी रेघेला भिडलेलं असलं की ते काही विचारत नसत.

पूड करायची ती पोलादी डब्यात, आत घट्ट झाकणाची पांढरी वाटी. हा डबा वर्ध्याच्या एका लेथवाल्यानं करून दिला होता. तो दिवसभर सारख्या उष्णतेत राहायला हवा, आणि आमच्याकडे बारा-बारा तासांचं भारनियमन. कॉलेजची विजेची भट्टी तापे तोवर लाइन जाई. चार वेळा माल बिघडला, चारही वेळा रकान्यात कारण लिहिलं गेलं : 'वीज.' मग सरांना बसस्टँडमागची बेकरी सुचली. तिथली विटांची भट्टी लाकडावर पेटे आणि पाव काढल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत गरम राही. सरांनी आठवडाभर तिच्या कोपऱ्या-कोपऱ्यात तापमान मोजलं, मागच्या डाव्या कोपऱ्याची जागा ठरवली आणि आमचा डबा तिथे जाऊ लागला. बेकरीवाला विचारायचा, "सर, झाला काय तुमचा टोस्ट?" एका खेपेला चमचाभर हिरवी पूड निघे. सर तिला 'घाणा' म्हणत, भज्यांचा म्हणतात तसा. बारा घाणे हवे होते. सरांच्या चेहऱ्यावर त्या हिवाळ्यात जे समाधान होतं, ते मी नंतर पाहिलं नाही.

सात घाणे झाले होते. शनिवार होता, आणि सर वडिलांना दवाखान्यात दाखवायला सेवाग्रामला गेले होते. मी सगळ्या बाटल्या भरल्या, फळ्या पुसल्या. मग ते कपाट उघडलं. सरांनी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आतही धूळ बसली असेल. बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली, फळी पुसली, आणि ओल्या हातानं बाटली उचलायला गेलो. ती निसटली. फुटली नाही, आडवी पडली. बूच सैल असावं, ते उडालं आणि पाणी टेबलावरून भळाभळा खाली मोरीत गेलं. मी बाटली उभी केली तेव्हा पाणी शेवटच्या रेघेच्या बरंच खाली गेलेलं होतं.

मी खूप भ्यालो. अणुभट्टीचं पाणी, चार शिक्क्यांचे कागद, खाली सरांची सही. मला पोलीस दिसू लागले, कॉलेजची बैठक दिसू लागली, आणि सरांचा चेहरा दिसू लागला. तो सगळ्यात जास्त. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही दटावलं नव्हतं. बाटल्या भरायला आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा डबा शेजारीच होता. पाणीच तर आहे, मी मनाशी म्हटलं. आणि मी बाटली भरली. पेन्सिलीच्या शेवटच्या रेघेपर्यंत, अगदी काटेकोर, खाली वाकून, डोळा रेघेसमोर आणून, जसं सरांनी मला शिकवलं होतं तसं.

सोमवारी सरांनी बाटली काढली, रेघ पाहिली आणि आठव्या घाण्याचं पाणी मोजून घेतलं. जो माणूस बसच्या तिकिटाची जाडी मोजत असे, स्वतःचा डबा रोज तराजूवर ठेवत असे, त्यानं त्या बाटलीचं वजन एकदाही केलं नाही. किल्ली माझ्याकडे होती ना.

आणखी पाच घाणे झाले. सगळे बारा एकत्र खलात घोटले गेले. रोज सकाळी मी ठरवत होतो की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी कपाटाला कुलूप लावून घरी जात होतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, अशी म्हण आहे. कोंबडं झाकायची टोपली ज्यांच्या बापानं विणली, त्यांच्यापासून मी ते झाकत होतो.

जायच्या दिवशी मी त्यांना वर्धा स्टेशनवर सोडायला गेलो. पुडीची डबी त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून डालग्यात ठेवली होती, आणि रिझर्वेशनच्या डब्यात ते डालगं मांडीवर घेऊन बसले होते. गाडी हलताना खिडकीतून म्हणाले, "भाऊ, आल्यावर तुमाले पयले सांगतो."

सहाव्या दिवशी सकाळी मी पुन्हा स्टेशनवर होतो. ते उतरले, माझ्याकडे डालगं दिलं, आणि बाकावर बसले. मान खाली घालून चपलेकडे पाहत होते.

"नाई दिसलं, भाऊ."

मी डालगं बाकावर, आमच्या दोघांमध्ये ठेवलं.

"डाग होता. पण हायड्रोजनचा. एवढा मोठा, का त्याच्याखाली दुसरं काई असन तं दिसूच नाई शकत. दोन दिवस पाह्यलं. दुसऱ्या रात्री डॉक्टर म्हणे, बंद करू. मी म्हटलं, अजून एक तास. तो तास बी देल्ला त्यायनं." मग त्यांनी मान वर केली. "कुठून तरी साधं पाणी शिरलं."

त्या वेळी सांगायला हवं होतं. बाक होता, सकाळ होती, आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हवेतून शिरलं असन, सर. पावसाळी हवा होती."

हिवाळ्यात पूड केली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पोरगं पुस्तकातून उत्तर उतरवून आणतं तेव्हा ते त्याच्याकडे पाहत, तसंही नाही. थोडा वेळ नुसतं पाहिलं, आणि म्हणाले, "असन."

ज्या माणसानं आयुष्यात कोणाचं 'असेल' ऐकून घेतलं नव्हतं, तो स्वतः ते म्हणाला. मला तिथेच कळायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज जास्त लाज वाटते.

पुढच्या शनिवारी कपाट उघडलं तेव्हा बाटली जागच्या जागी होती. तिच्यात तळाशी थोडं पाणी होतं, पण कागदाची पट्टी नव्हती. ब्लेडनं खरवडून काढली होती, काचेवर एकही रेघ ठेवली नव्हती. शेजारी टेबलावर तराजू होता, आणि त्याच्या काचपेटीची झडप उघडी राहिली होती. सर तराजूची झडप कधी उघडी ठेवत नसत.

त्यांनी मला काही विचारलं नाही. ऑफिसातली किल्ली वापरली होती, माझी परतही मागितली नाही. ती माझ्याच करगोट्याला राहिली, बाटली गेल्यावरही, रिकाम्या कपाटाची.

मला वाटलं होतं, दुसरी बाटली येईल. डॉक्टरसाहेब इतके जवळचे, पुन्हा दोन दिवस मिळतील. पण आली नाही. मी एकदा धीर करून विचारलं तर सर म्हणाले, "नाई देत आता." कारण सांगितलं नाही. मी दोन वर्षांनी निवृत्त झालो. निरोपाला त्यांनी मला स्वतःचं घड्याळ दिलं, आणि भाषण करा म्हटल्यावर उभं राहून एवढंच म्हणाले, "भाऊ बावीस वर्सं वेळेवर आले. मी मोजलं हाय."

माझ्या निवृत्तीनंतर एकदा ते आमच्या घरी आले. सायकलला तेच डालगं, त्यात एक झेरॉक्स. परदेशात कोणी तरी तीच पूड, स्वच्छ जड पाण्यात करून, मोठ्या यंत्रावर तपासली होती. त्यांनी खाटेवर कागद पसरला आणि एका चित्रावर बोट ठेवलं. रेघ नव्हती. पसरट, धुरकट डाग होता.

"पाहा भाऊ. नाई थिजत. एवढं थंड केलं तरी हालूनच राह्यले बेटे. ठोशाचे दोन तुकडे होऊन पसरून राह्यले. बरोबर होतं आपलं."

"तुमी पाह्यलं असतं, सर," मी म्हणालो.

"कोणी पाह्यलं त्यानं काय होते? दिसलं ना." ते कागदावर हात फिरवत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "मीच पाह्यलं असतं तं बरं वाटलं असतं. खोटं काऊन बोलू."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली आणि सरांनी तिला तीन जावांची गोष्ट सांगायला घेतली. तिसरीनं माहेरी जावं हे उत्तर माझं, असं तिला अभिमानानं सांगितलं. ती हसली, ते हसले. चहा संपला, आणि ते सायकलवर बसून गेले.

त्यानंतर वर्षभरातच पोटाचं दुखणं निघालं. नागपूरला नेलं, परत आणलं. मी आठवड्यातून एकदा जाऊन बसत असे. ते रोज काट्यावर उभे राहत आणि वहीत वजन लिहीत. आकडा खाली खाली येत होता. कारणाच्या रकान्यात पहिल्या दिवशी 'आजार' लिहिलं होतं आणि त्याखाली फक्त वरच्यासारखंच म्हणून दोन-दोन टिंबं. शेवटी उभं राहवेना तेव्हा त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, त्यांना धरून काट्यावर उभं केलं, तर हे म्हणाले, "तुहं वजन येऊन राह्यलं त्यात. सोड." माझ्यासमोर ते एवढं एकच हट्टानं बोलले.

तेरवीला डॉक्टरसाहेब इतक्या लांबून आले. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. मी पाणी नेऊन दिलं आणि माझी ओळख सांगितली.

"अच्छा, तुम्ही ते भाऊ!" ते म्हणाले. "फार बोलायचा तुमच्याबद्दल." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "एक चूक केली आयुष्यात, आणि तीही कबूल करून टाकली. जड पाण्याच्या बाटलीत साधं पाणी आपल्याच हातून गेलं, असं त्यानं मला लेखी कळवलं. मी फोनवर म्हटलं, अरे, दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असेल, नीट आठव. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी वरिष्ठांशी भांडून पुन्हा बाटली दिली असती. पण ज्याच्या सहीनं दिली त्याच्याच हातून मिसळलं म्हटल्यावर नियमानं पुन्हा देता येत नाही. तो म्हणाला, माझ्याच हातून. मी काय करणार?"

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

त्यांना बाटली मिळाली असती. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मिळाली असती. बारा घाणे पुन्हा झाले असते, तीच बेकरी, तोच डावा कोपरा, आणि ते चित्र त्यांनी झेरॉक्सवर नाही, स्वतः पाहिलं असतं. आयुष्यभरात त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. ती त्यांनी मला दटावलं जाऊ नये म्हणून सोडून दिली, आणि तेही मला न सांगता.

मांडव रिकामा झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. "वैनी, सरायच्या वह्या हायेत ना?"

त्या आत गेल्या आणि एकच वही घेऊन आल्या, जणू काढूनच ठेवली होती. "बाकीच्या माळ्यावर हायेत. हे म्हणत होते, भाऊ वही मागतीन तं ही देजो. नाई मागितली तं राहू दे."

मी दारातल्या उजेडात ती उघडली. तारीख सापडायला वेळ लागला नाही, स्टेशनवरच्या त्या सकाळनंतरचा दुसरा दिवस. वेळ : अकरा वाजून बारा. काय : उरलेल्या जड पाण्याचं वजन. किती : आकडा, आणि त्याखाली किती यायला हवं होतं तो आकडा, आणि दोघांतला फरक. सगळं त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात.

कारणाचा रकाना कोरा होता.

मी पानं मागे उलटली, पुढे उलटली. दुसरा कोरा रकाना कुठेही नव्हता. पत्रात त्यांनी खोटं लिहिलं होतं. वहीत त्यांना खोटं लिहवलं नाही, आणि खरं लिहायचं नव्हतं.

"वैनी, पेन देता काय?"

त्यांनी दिला. काऊन म्हणून विचारलं नाही. मी उंबऱ्यावर बसलो, वही मांडीवर घेतली, आणि त्या रकान्यात मावेल इतक्या बारीक अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं. शनिवार होता, हे लिहिलं. हात ओला होता, हे लिहिलं. बाटली आडवी पडली आणि मी ती रेघेपर्यंत भरली, हे लिहिलं. मग किती सांडलं ते लिहायला गेलो आणि पेन थांबला. अंदाजे चालणार नव्हतं.

मी लिहिलं : किती सांडलं ते मोजलं नाही. भ्यालो होतो.